प्रत्यारोपणानंतर हातपाय बधिर पडू लागले तर काय करायचं

किडनी किंवा लिव्हर बदललेल्या माणसाच्या घरात सगळ्यांचं लक्ष एका आकड्यावर असतं. किडनी असेल तर क्रिएटिनिन, लिव्हर असेल तर बिलिरुबिन. आकडा जागेवर असला की घर निर्धास्त. मग पायाला मुंग्या येतात, जिना चढताना गुडघा दगा देतो, आणि 'रिपोर्ट तर चांगलाय की, अशक्तपणा असंल' म्हणून आठवडा जातो. नसांना सूज येण्याचे जे आजार प्रत्यारोपणानंतर होतात, त्यात नेमका हा आठवडाच महत्त्वाचा असतो.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. ऑपरेशन बेंगळुरूला किंवा पुण्याला झालेलं, महिन्याची तपासणी बेळगावात, गोळ्या निपाणीच्या नाहीतर खानापूरच्या मेडिकलमधून आणि ताप-खोकल्याला गल्लीतले डॉक्टर. कागद चार ठिकाणी विखुरलेले. किडनीचे डॉक्टर किडनी बघतात, न्यूरॉलॉजिस्ट नसा बघतात, आणि दोघांना जोडणारी सगळी माहिती फक्त घरच्यांकडे असते. म्हणून हा लेख डॉक्टरांसाठी नाही. घरात जी व्यक्ती गोळ्यांचा डबा भरते, तिच्यासाठी आहे.

आधी हे समजून घ्या

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला कशी करते, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो बरोबर आहे. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनसारखी औषधं मुख्यतः टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींना, आवरतात. अँटिबॉडी, म्हणजे जंतूंना चिकटणारी प्रथिनं, तयार करणारी बाजू त्यामुळे पूर्ण बंद पडत नाही. शिवाय गोळ्यांमुळे जंतुसंसर्ग जास्त होतात, आणि काही जंतूंच्या अंगावरची साखरेची रचना आपल्या नसांवरच्या रचनेशी मिळतीजुळती असते. जंतूवर सोडलेल्या अँटिबॉडी मग नसांवरही बसतात. विजेच्या वायरवरचं रबरी वेष्टण सोलून निघावं तसं नसेवरचं मायलिनचं आवरण जातं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही.

यातले दोन आजार नावाने माहीत असावेत. पहिला गिलेन-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात याची साथ आली होती, तेव्हापासून नाव तरी घराघरात पोचलं आहे. तो झपाट्याने वाढतो. बहुतेकांत दोन आठवड्यांत आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांत कळस गाठतो. दुसरा सीआयडीपी, म्हणजे नसांची जुनाट सूज. तो दोन महिन्यांहून अधिक काळ हळूहळू वाढत राहतो किंवा कमी-जास्त होत राहतो. प्रत्यारोपण झालेल्यांत दोन्ही दिसतात, पण दोन्ही विरळ आहेत. मुंग्या आल्या की जीबीएसच, असं समजून घर डोक्यावर घेऊ नका. मात्र तो नाही हे डॉक्टरांनी सांगू द्या, शेजाऱ्यांनी नको.

पहिली पायरी: तारीख लिहा

तक्रार सुरू झाली त्या दिवसाची तारीख वहीत लिहा. 'गणपतीच्या आसपास' असं नको, तारीख. मग रोज एक ओळ: मुंग्या कुठपर्यंत आल्या, कोणतं काम काल जमलं आणि आज जमलं नाही.

इथल्या बऱ्याच घरांत दिसणारी एक खूण सांगतो. अथणीकडची मागे पट्टा नसलेली चामडी चप्पल पायात धरून ठेवायला अंगठा आणि तळव्याचे बारीक स्नायू लागतात. माणूस अंगणातून आत येतो आणि एक चप्पल उंबऱ्यापाशी मागेच राहिलेली असते; त्याला पत्ताच नसतो. बायकोच्या ते आधी लक्षात येतं. ही गोष्ट वहीत जायला हवी, कारण ओपीडीत 'पायात ताकद कमी वाटते' या वाक्यापेक्षा 'सोमवारपासून उजवी चप्पल निसटते, गुरुवारपासून दोन्ही' हे वाक्य न्यूरॉलॉजिस्टला कितीतरी जास्त सांगतं.

तारखेच्या शेजारी मागच्या सहा आठवड्यांचा हिशोब मांडा. जुलाब झाले होते का? ताप, सर्दी-खोकला, कावीळ? जीबीएसच्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांना आधी असा काहीतरी संसर्ग होऊन गेलेला असतो. जुलाबाचा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू यात सर्वांत बदनाम आहे. प्रत्यारोपण झालेल्यांत सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, हाही मोठा संशयित. त्याच्या प्रतिबंधाची गोळी सहसा तीन ते सहा महिन्यांनी बंद होते आणि बऱ्याचदा त्यानंतरच तो डोकं वर काढतो. ती गोळी कधी बंद झाली, तेही लिहून ठेवा.

दुसरी पायरी: घरी करायच्या चाचण्या

सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं लागतात. कोणीतरी शेजारी उभं राहून धरायला हवं.

टाचांवर चार पावलं आणि चवड्यांवर चार पावलं चालायला सांगा. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला सांगा. शर्टाचं बटण लावणं, भाकरीचा तुकडा मोडणं, किल्ली फिरवणं जमतं का बघा. डोळे घट्ट मिटायला सांगा. पापण्यांच्या केसांची टोकं बाहेर दिसत राहिली तर चेहऱ्याच्या स्नायूंवर परिणाम होतोय. पाण्याचा घोट घेताना ठसका लागतो का, आवाज बदललाय का, याकडेही लक्ष द्या.

सगळ्यांत महत्त्वाची श्वासाची चाचणी. खोल श्वास घेऊन एका दमात, सेकंदाला साधारण दोन आकडे या वेगाने मोठ्याने मोजायला सांगा. निरोगी माणूस सहसा तीस-चाळीसच्या पुढे जातो. वीसच्या आत दम संपला, किंवा सकाळी ३५ आणि संध्याकाळी २२ असा उतार दिसला, तर ती रात्र घरी काढायची नाही. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले, पण इथे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. छातीचे स्नायू थकत असतानाही ऑक्सिजन ९७ दाखवत राहतो. तो पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. जीबीएसच्या साधारण २० ते ३० टक्के रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो, तो याच कारणाने.

थेट रुग्णालय गाठायचं ते केव्हा:

- ताकद दिवसागणिक कमी होतेय, किंवा बधिरपणा पावलांवरून गुडघ्यांकडे आणि हातांकडे चढतोय
- गिळताना त्रास, आवाजात बदल, वाक्य पुरं करताना दम लागणं
- छातीत धडधड, उठल्यावर चक्कर, रक्तदाब कधी खूप वर तर कधी खूप खाली
- लघवी तुंबणं, किंवा कमरेखाली एका रेषेपासून सगळं बधिर होणं (हा मणक्यातला दाबही असू शकतो आणि त्यालाही तितकीच घाई लागते)

शरीराची एकच बाजू अचानक लुळी पडली तर हा लेख बाजूला ठेवा. तो पक्षाघात समजून मिनिटंही घालवायची नाहीत.

तिसरी पायरी: जे करायचं नाही ते

खेड्यातलं ठरलेलं बोलणं असं चालतं.

"मामा, कंबर लई दुखालीय म्हणं?"

"व्हय गा, पिंढऱ्याबी ओढाल्यात. डॉक्टरनी एक सुई मारली, दोन दिवस बरं वाटलं."

ती सुई बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकची असते. जीबीएसची सुरुवात पुष्कळदा पाठदुखीने आणि पोटऱ्या-मांड्यांच्या दुखण्यानेच होते, त्यामुळे ही सुई नेमकी अशाच वेळी टोचली जाते. बसवलेल्या किडनीला टॅक्रोलिमसच्या जोडीला हे वेदनाशामक मिळालं की क्रिएटिनिन वर जातं, आणि मग नसांचा आजार बाजूला राहून सगळे किडनीमागे धावतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांपैकी काहीही नको. तात्पुरतं दुखणं थोपवायला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. लिव्हर बदललेल्यांनी तर मात्रा आधी विचारायलाच हवी.

दुसरं, मुंग्या 'गोळ्यांच्या उष्णतेने' येतात असं कोणी सांगितलं म्हणून प्रत्यारोपणाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, एक वेळचीसुद्धा नाही. गोळ्यांमुळे खरंच त्रास होतो का, याचा विचार पुढे आहे, पण तो निर्णय प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांचा.

तिसरं, नस बसवणाऱ्याकडे जाऊन मालिश आणि ओढाओढ नको. बधिर पायावर गरम विटेचा शेक तर मुळीच नको; चटका लागलेला कळत नाही आणि या गोळ्यांवर जखम लवकर भरत नाही. नसांच्या ताकदीचं म्हणून मिळणारं बिननावाचं चूर्णही नको. अशा चूर्णांत कधी स्टेरॉइड, कधी जड धातू निघतात.

चौथी पायरी: कुठे जायचं

इथे जिल्ह्याच्या हद्दीपेक्षा रस्ता बघावा. खानापूर, जांबोटी, लोंढा भागातून बेळगाव सरळ. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. कागवाड-अथणीकडच्या लोकांना मिरज सोयीचं. बेळगावात बिम्सचं सरकारी जिल्हा रुग्णालय आहे, आणि केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात किडनी प्रत्यारोपण होतं, म्हणजे किडनीचे डॉक्टर तिथल्या तिथे मिळतात. नसांच्या किचकट केससाठी बेंगळुरूचं निम्हान्स आहे. पण वाढत्या कमजोरीच्या रुग्णाला घेऊन रात्रभराचा रेल्वेप्रवास करू नये. आधी जवळच्या आयसीयूत स्थिर करायचं, मग न्यायचं की नाही ते ठरवायचं.

निघण्याआधी फोन करून चार प्रश्न विचारा. न्यूरॉलॉजिस्ट आज बघतील का? आयसीयूत व्हेंटिलेटर रिकामा आहे का? प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, मशीनने बदलण्याची सोय आहे का? नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, किंवा ज्या अवयवाचं प्रत्यारोपण झालं त्याचे डॉक्टर, बोलावता येतील का? पहिल्या दोनांना 'नाही' आलं तर दुसरीकडे फोन लावा. गाडी नसेल तर १०८. पावसाळ्यात कणकुंबी-चोर्ल्याकडच्या गावांत फोनला रेंज नसते आणि रस्त्यावर झाड पडलेलं असतं, तेव्हा संध्याकाळी शंका आली तर सकाळची वाट न बघता उजेडातच खाली उतरलेलं बरं.

सोबत काय न्यायचं? डिस्चार्ज कार्ड, शेवटचे तीन-चार रक्ताचे रिपोर्ट (टॅक्रोलिमसच्या पातळीसह), चालू गोळ्या त्यांच्या पाकिटांसकट आणि ती वही. पाकिटं यासाठी, की टॅक्रोलिमस वेगवेगळ्या कंपन्यांचं मिळतं आणि दुकानदाराने कंपनी बदलली की रक्तातली पातळीही बदलू शकते. एका कागदावर प्रत्यारोपणाची तारीख, दाता जिवंत होता की मेंदूमृत, आणि प्रत्यारोपण केंद्राचा फोन नंबर इंग्रजीत लिहून ठेवा. रात्रपाळीचे डॉक्टर कानडी असोत, मराठी असोत की मल्याळी, तो कागद वाचतील.

पाचवी पायरी: तपासण्या कशासाठी चालल्यात ते समजून घ्या

डॉक्टर हातोडीने गुडघा ठोकतील. जीबीएसमध्ये पाय उडत नाही किंवा कमी उडतो. नंतर नर्व्ह कंडक्शन ही चाचणी होते. हातापायांवर बिल्ले चिकटवून विजेचे छोटे झटके देतात आणि निरोप किती वेगाने जातो ते मोजतात. झटका त्रासदायक असतो, धोकादायक नसतो. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) असलेला हात कोणता ते तंत्रज्ञाला आधीच सांगा. पहिल्या आठवड्यात ही चाचणी नॉर्मल येऊ शकते, म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल, घरी जा' यावर समाधान मानू नका. दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते.

पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की घरचे घाबरतात. 'पाठीत सुई मारली की माणूस लुळा पडतो' ही समजूत अजून जिवंत आहे. सुई जिथे जाते तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. आणि प्रत्यारोपण झालेल्या माणसात ही तपासणी टाळण्यासारखी नाही. जीबीएसमध्ये त्या पाण्यात प्रथिनं वाढतात, पण पेशी वाढत नाहीत (पहिल्या आठवड्यात प्रथिनंही नॉर्मल असू शकतात). पेशी ५० च्या वर निघाल्या तर विचारच बदलतो: सीएमव्हीने नसांची मुळं धरली आहेत का, दुसरा कुठला संसर्ग आहे का, प्रत्यारोपणानंतर होणारा लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, आहे का? सीएमव्ही असेल तर गॅनसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध लागतं, आणि तिथे नुसती सूज उतरवण्याचे उपचार करत बसलं तर आजार वाढत जातो.

रक्तात पोटॅशियम, फॉस्फेट, साखर, बी-१२, थायरॉइड, सीएमव्हीची मात्रा, हिपॅटायटिस ई (विषाणूची कावीळ) आणि टॅक्रोलिमसची पातळी बघतील. टॅक्रोलिमसमुळे पोटॅशियम वाढतं, आणि ते फार वाढलं तरी हातपाय गळतात. ही गोष्ट तासाभरात कळते आणि तासाभरात उपचारही सुरू होतात. म्हणून पहिली रक्ततपासणी हीच.

जीबीएस नसताना त्याच्यासारखं दिसणारं बरंच काही असतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांच्या मुंग्यांमागे यातलंच काहीतरी निघतं. ऑपरेशनमधून उठल्याबरोबर एकाच मांडीत ताकद नाही, गुडघा मुडपतो, असं असेल तर शस्त्रक्रियेत मांडीच्या नसेवर दाब आलेला असतो आणि तो सहसा भरून येतो. पाटावरून उठताना त्रास, पण बधिरपणा अजिबात नाही, हे स्टेरॉइडने स्नायू झिजल्याचं लक्षण. दोन्ही पावलांची आग, रात्री जास्त, आणि प्रत्यारोपणानंतर सुरू झालेला मधुमेह, हे साखरेचं काम. क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर आयसोनियाझिडने मुंग्या येतात आणि बी-६ ची गोळी जोडीला हवी. त्वचेवर बधिर चट्टा आणि कोपरापाशी जाड झालेली नस हाताला लागत असेल तर कुष्ठरोगाची तपासणी लाज न बाळगता करून घ्या. एका बाजूच्या पट्ट्यात आग होऊन फोड आले तर ती नागीण. तिथे मंत्र-उताऱ्यात दिवस घालवू नका, विषाणूवरची गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर तिचा उपयोग सर्वाधिक.

आता टॅक्रोलिमस. हात थरथरणं, डोकं दुखणं हे त्याचे नेहमीचे त्रास. क्वचित मात्र त्याच्यामुळे सीआयडीपीसारखाच नसांचा आजार उभा राहतो, आणि तो पातळी प्रमाणात असतानाही होऊ शकतो. तशी शंका आली तर डॉक्टर दुसऱ्या गटातल्या औषधावर नेण्याचा विचार करतात. हा बदल अवयव नाकारला जाण्याचा धोका तोलूनच करावा लागतो, म्हणून इथे न्यूरॉलॉजिस्ट आणि प्रत्यारोपणाचे डॉक्टर यांनी एकमेकांशी थेट बोलायला हवं. 'सर, तुम्ही एकदा त्यांच्याशी फोनवर बोलाल का?' हे विचारायला संकोचू नका, नंबर पुढे करा.

सहावी पायरी: उपचार निवडताना

जीबीएसवर दोन उपचार सिद्ध झालेले आहेत आणि दोन्ही साधारण सारखेच परिणामकारक आहेत: प्लाझ्मा बदलणं आणि आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी. दोन्ही एकामागोमाग दिल्याने फायदा वाढत नाही. चालता येत नसेल, तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेलं बरं. नुसती स्टेरॉइड जीबीएसमध्ये उपयोगी पडत नाहीत. सीआयडीपीमध्ये मात्र पडतात. नातेवाईक इथे गोंधळतात, कारण प्रत्यारोपणाचं स्टेरॉइड चालूच असतं. ते अवयवासाठी आहे, ते तसंच चालू राहणार.

आयव्हीआयजीची एकूण मात्रा वजनामागे किलोला २ ग्रॅम, बहुतेक वेळा पाच दिवसांत विभागून. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. किडनी बसवलेल्यांसाठी एक प्रश्न जरूर विचारा: 'या औषधात सुक्रोज आहे का?' सुक्रोज, म्हणजे साखर, घातलेल्या आयव्हीआयजीने किडनीला इजा होऊ शकते. सुक्रोज नसलेलं मागता येतं. ते सावकाश द्यायचं, आधी शरीरात पाणी पुरेसं हवं, आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्याने पायाला सूज, छातीत दुखणं लगेच सांगायचं.

प्लाझ्मा बदलताना मशीन रक्तातला द्रव काढून त्या जागी अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घालतं. साधारण चार ते सहा वेळा, एक-दोन आठवड्यांत. जुना फिस्टुला चालू असेल तर कधी कधी त्यातूनच जमतं, गळ्यात नळी घालावी लागत नाही. रामिप्रिल, एनालाप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. त्या गोळीवर असताना अल्ब्युमिन दिल्याने रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून ती किमान २४ तास आधी थांबवतात. कोणती गोळी मशीनच्या आधी आणि कोणती नंतर, हे रोज सिस्टरना विचारून लिहून घ्या. इथे मला प्लाझ्मा बदलणं पुष्कळदा जास्त व्यवहार्य वाटतं. खर्च बहुतेक ठिकाणी कमी येतो, आणि डायलिसिसची सवय असलेल्या घराला मशीनची भीती नसते. मात्र अंगात चालू संसर्ग असेल किंवा रक्तदाब खालीवर होत असेल तर पारडं आयव्हीआयजीकडे झुकतं.

पैशाबद्दल. बीपीएल कुटुंबांना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. खासगी रुग्णालयात त्याचा लाभ घ्यायला सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं, आणीबाणीत थेट दाखल होता येतं. आपल्या उपचाराचं पॅकेज त्यात बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी विचारून घ्या. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर कुठल्याही जाहीर घोषणेवर विसंबून निघू नका, त्या रुग्णालयाच्या योजना-खिडकीवर फोन करून मगच निघा.

वॉर्डातले दिवस

इथे थोडक्यात. दोन तासांनी कूस बदलायला मदत करा, टाचांखाली घडी ठेवा. डोळे मिटत नसतील तर थेंब आणि रात्री पट्टी. बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणं सांगायला लाजू नका, तो आजाराचाच भाग आहे. भेटायला येणाऱ्यांची रांग थांबवा. वाडीतली वीस माणसं एकेक करून आयसीयूत डोकावली तर प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाला त्याचा उपयोग काय? शुद्ध पूर्ण असते, ऐकू सगळं येतं, तेव्हा खाटेजवळ उभं राहून 'आता काय खरं नाही' असं बोलू नका. बोलता येत नसेल तर पापणीची खूण ठरवा: एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही.

घरी आल्यावर

सर्वसाधारण जीबीएस रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. थकवा मात्र मागे राहतो, आणि घरच्यांना तो आळस वाटतो. व्यायाम थोडा थोडा, दिवसातून अनेकदा. आजचा थकवा उद्या सकाळपर्यंत उतरला नाही तर उद्याचा व्यायाम निम्मा करा. पाऊल लोंबत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून एएफओ नावाचा आधार करून घ्या आणि मागे पट्टा असलेली सँडल वापरा. खानापूर भागात रोप लावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उतरण्याचा मोह होतो. बधिर पायांनी ते वर्ष बांधावर बसून काढावं. रोज संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या कुणाकडून तरी बघून घ्या.

नसांच्या दुखण्याला गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन देतात. ती किडनीतून बाहेर पडतात, म्हणून मात्रा क्रिएटिनिन बघूनच ठरायला हवी, नाहीतर माणूस दिवसभर गुंगीत राहतो. कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन कुणी लिहून दिलं तर दुकानात जाण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा, त्या औषधांनी टॅक्रोलिमसची पातळी खाली येते. क्षयावरच्या रिफाम्पिसिनचंही तसंच. उलट क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, डिल्टियाझेमने पातळी वर जाते. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. जुलाब लागले तरी पातळी वाढते, म्हणून जुलाब दोन दिवसांवर गेले तर रक्त तपासा.

खाण्यापिण्यात एवढं पाळा: पाणी उकळून, चिकन-मटण आतपर्यंत शिजलेलं, कच्चं चिकन चिरायची फळी आणि सुरी वेगळी. तालमीच्या परंपरेतलं धारोष्ण दूध आपल्याकडे मोठ्या कौतुकाने पाजतात, पण या माणसाला तापवलेलंच द्या. जत्रेतलं जेवण पंगत सुरू होताच, वाफ येत असतानाच घ्यावं किंवा घेऊच नये.

लसींपैकी जिवंत लसी प्रत्यारोपणानंतर चालत नाहीत. फ्लूची निर्जीव लस एरवी घ्यावी अशीच आहे. पण जीबीएस होऊन गेला असेल, आणि विशेषतः तो कुठल्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत झाला असेल, तर पुढची लस न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच.

निदान सीआयडीपीचं असेल तर वही बंद करू नका. आयव्हीआयजी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते आणि पुढचा डोस जवळ आला की काहींची ताकद उतरू लागते. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, घरासमोरच्या ठरावीक दहा मीटरांना किती सेकंद लागतात ते मोजून लिहा. डोसमधलं अंतर कमी करायचं की वाढवायचं, हे डॉक्टर त्या आकड्यांवरून ठरवू शकतात. जीबीएस म्हणून घरी सोडलेल्या माणसाची ताकद आठ आठवडे उलटल्यावर पुन्हा घटू लागली, किंवा सुधारून पुन्हा तीन वा अधिक वेळा घटली, तर तो मुळात सीआयडीपी आहे का हे विचारायला परत जा. आणि ज्या दिवशी टॅक्रोलिमसची पातळी तपासायची, त्या दिवशी सकाळची गोळी घरी घेऊ नका, डबीत घालून सोबत न्या. आदल्या रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर रक्त द्या आणि लगेच तिथेच पाण्याबरोबर घ्या.